सवाई गंधर्व महोत्सव : पुण्यतिथीतून उभी राहिलेली संस्था

संगीतावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे श्रोत्यांना थोडा अचंबा वाटणे साहजिक आहे. मी गवई नव्हे, संगीतशास्त्राचा पंडित तर मुळीच नव्हे. माझे शिक्षण म्हणावे तर ते कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण पगार, पाळ्या आणि कामाचे तास यांचा हिशेब करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कोणतीही संस्था पाहिली की तीन प्रश्न आपोआप सुचतात. ही उभी कोणी केली? ती चालते कोणाच्या जोरावर? आणि तिच्या दारातून आत कोणाला येता येते? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाविषयी मी हेच तीन प्रश्न घेऊन बोलणार आहे. राग कसा गावा हे जाणकारांनी सांगावे. तो ऐकायला माणूस कसा पोचतो, हे मला थोडेफार ठाऊक आहे.

गुरूचे ऋण

पुणेकरांना हा महोत्सव इतका अंगवळणी पडला आहे, की ती मुळात एक पुण्यतिथी आहे याचाच विसर पडतो. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. जन्म १८८६ सालचा, हुबळीजवळच्या कुंदगोळचा. १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ गाण्याचा उत्सव मांडला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडे बरोबर होती. सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे पाठीशी होते. आणि व्यवस्थेला आर्य संगीत प्रसारक मंडळ होते. घरी वडिलांचे वर्षश्राद्ध करतात, तसेच हे शिष्यांनी केलेले वर्षश्राद्ध. फरक इतकाच, की इथे पान सगळ्या गावासाठी मांडले गेले.

हा रिवाज पुण्याने नव्याने काढला असे नाही. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी या शहरात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच १८७५ साली पंजाबात जालंधरला स्वामी हरवल्लभ यांनी आपले गुरू तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ संगीताचा मेळा सुरू केला. तो आजही दर हिवाळ्यात भरतो. या जालंधरचा आणि आपल्या महोत्सवाचा एक धागा आहे. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आपल्याकडे गुरुभक्ती आहे म्हणून असे घडते, परदेशात निव्वळ तिकिटाचा व्यवहार असतो, असा आपला एक समज आहे. तो खरा नव्हे. उत्तर इटलीत वेरोना नावाचे जुने शहर आहे. तिथे रोमन काळातले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी रंगमंडल उभे आहे. त्याला अरेना म्हणतात. १९१३ साली व्हेर्दी या थोर इटालियन संगीतकाराच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने वेरोनाचाच एक गायक, जोव्हान्नी झेनातेल्लो, पुढे झाला आणि १० ऑगस्ट १९१३ रोजी त्या उघड्या रंगमंडलात व्हेर्दीची ‘आयदा’ ही संगीतिका सादर झाली. तेव्हापासून, दोन महायुद्धांतली वर्षे सोडली, तर दर उन्हाळ्यात तिथे संगीतिकांचा उत्सव होतो. दिवंगत थोराचे स्मरण, आणि ते करायला पुढे आलेला एक गायक. जालंधर, वेरोना, पुणे. मुळाशी गोष्ट एकच आहे. कोणा सरकारी खात्याने ठराव करून या संस्था काढल्या नाहीत. घेतलेले फेडल्याशिवाय चैन पडत नाही अशी माणसे निघाली, म्हणून त्या निघाल्या.

ऋतूचा फरक मात्र बोलका आहे. वेरोनाच्या हिवाळ्यात उघड्यावर बसण्याची सोय नाही, म्हणून त्यांचा उत्सव उन्हाळी रात्रींचा. आपल्याकडे पुण्यतिथी येते सप्टेंबरात, आणि ते दिवस पावसाचे. मैदानावर मांडव घालायचा, हजारो माणसे जमिनीवर बसवायची, तर कोरडी थंडीच हवी. म्हणून उत्सव डिसेंबरात गेला. शाल, मफलर आणि थर्मासमधला चहा ही या उत्सवाची खूण झाली ती अशी.

किराण्याची वाट

ज्यांचे हे ऋण, ते सवाई गंधर्व कोण होते, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७). खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या किराण्याचे. त्या गावावरूनच घराण्याचे नाव पडले. काही काळ बडोद्याच्या दरबारी राहून ते महाराष्ट्रात आले, पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालवले, आणि अखेर मिरजेला स्थायिक झाले. मिरजेच्या ख्वाजा शमना मिरा दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तिथेही उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

किराणा घराण्याचे वैशिष्ट्य माझ्यासारख्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर तिथे घाई नाही. रागाचा एकेक स्वर घ्यायचा, त्याच्यावर थांबायचे, त्याची जागा नेमकी आणि लखलखीत करायची, मगच पुढच्या स्वराकडे वळायचे. तानांची आतषबाजी नंतर. आलापाची ही संथ बढत एका तासात कशीबशी उरकते. मोकळेपणी करायची तर रात्र हाती असावी लागते. हे ध्यानात ठेवा; पुढे याचे काम पडणार आहे.

रामभाऊ खाँसाहेबांकडे शिकले आणि मग नाटकात गेले. स्त्रीभूमिका करीत, नाट्यपदे गात त्यांनी नाव मिळवले. त्या काळी ‘गंधर्व’ ही पदवी बालगंधर्वांमुळे घराघरांत पोचली होती; रामभाऊंना ‘सवाई गंधर्व’ म्हणू लागले, म्हणजे सव्वापट गंधर्व. जरा विचार करा. उस्ताद उत्तरेकडचे मुसलमान, शिष्य कानडी मुलखातला ब्राह्मण, त्याला मोठे केले मराठी रंगभूमीने, आणि त्याच्या शिष्यमंडळात हुबळीच्या गंगूबाई आणि मुंबईचे पारशी फिरोज दस्तूर. घराणे म्हणजे रक्ताचे नाते असे आपण समजतो. इथे ते विद्येचे आहे.

भीमसेनांची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, तरी ती आमच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९२२ साली जन्मलेला हा मुलगा अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात गदगहून पळाला. खिशात पैसा नाही. तिकिटाशिवाय गाडीत बसायचे, तपासनीस आला की त्याला गाणे ऐकवायचे. ग्वाल्हेर केले, पुढे हिंडत हिंडत जालंधर गाठले. मघाशी म्हटला तो धागा इथे आहे. जालंधरला हरवल्लभ मेळ्यासाठी आलेले विनायकबुवा पटवर्धन त्याला भेटले आणि म्हणाले की अरे, तुझ्या गावाजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व बसले आहेत, इतक्या लांब कशाला हिंडतोस? मुलगा परतला. गुरूच्या घरी पाणी भरण्यापासून पडेल ते काम करीत १९३६ पासून काही वर्षे त्याने विद्या घेतली. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात आणि रात्रीच्या गाडीने परतत. म्हणजे एका गुरुपुण्यतिथीच्या मेळ्यात एका मुलाला आपल्या गुरूचा पत्ता मिळाला, आणि पुढे त्या मुलाने आपल्या गुरूच्या पुण्यतिथीचा मेळा उभा केला. अशा उत्सवांचा उपयोग काय, असे कोणी विचारले, तर मी हीच गोष्ट सांगतो.

दरबार गेला, तिकीट आले

आता दुसरा प्रश्न : संस्था चालते कोणाच्या जोरावर?

१९५३ हे साल लक्षात घ्या. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी, जमखिंडी अशा संस्थानांनी कितीतरी गवयांचा योगक्षेम चालवला होता. १९४८-४९ च्या सुमारास ही संस्थाने विलीन झाली. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच झाले. माझ्यासारखा माणूस राजेशाहीसाठी अश्रू गाळणार नाही. पण गवयाच्या चुलीच्या दृष्टीने पाहिले, तर एक मोठा मालक एकाएकी गेला. मग नवा धनी कोण? एक होती आकाशवाणी. तिचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै १९५२ मध्ये सुरू झाला. आणि दुसरा होता तिकीट काढून येणारा सामान्य श्रोता.

या दुसऱ्या धन्याची तयारी अगोदरपासून चालली होती. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दिवाणखान्यातून बाहेर आणून तिकिटाच्या जलशात बसवले. भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. नाटक मंडळ्यांनी तर पिटातल्या प्रेक्षकालाही रागदारीची गोडी लावली होती. सवाई गंधर्व स्वतः त्या नाटकांतून आलेले. म्हणून त्यांच्या नावाच्या मांडवात पेठांमधला कारकून, शिक्षक, दुकानदार येऊन बसला यात नवल नव्हते.

महाराजांच्या जागी आपण आलो, म्हणजे नेमके काय झाले? दरबारात एक माणूस खूश झाला की पुरे. त्याची लहर फिरली की गवई रस्त्यावर. मांडवात हजारो माणसे प्रत्येकी थोडे थोडे देतात. कोणा एकाच्या लहरीवर काही अवलंबून नाही. आमच्या युनियनच्या वर्गणीचे तत्त्व हेच आहे. मोठ्या देणगीपेक्षा लहान वर्गणी भक्कम, कारण देणारा ती आपली समजतो. अर्थात आज तिकिटांच्या जोडीला पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पैशाचाही आधार लागतो, आणि त्यात काही पाप नाही. पण ज्या दिवशी तिकिटाचा श्रोता गौण होईल आणि फलकावरचे नाव मुख्य होईल, त्या दिवशी आपण पुन्हा दरबारात जाऊन बसलो असे समजावे.

या मांडवातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे भारतीय बैठक. पुढे कोच आहेत, खुर्च्या आहेत; पण जमिनीवरची बैठकही पहिल्यापासून आहे आणि तिचे तिकीट त्या मानाने स्वस्त असते. वेरोनातही असेच आहे. खाली गाद्यांच्या खुर्च्या, आणि वर रोमनांनी घडवलेल्या दगडी पायऱ्या. पायऱ्यांवरचे तिकीट हलके. तिथे लोक उशी आणि शिदोरी घेऊन जातात आणि अंधार पडताना हातात लहान मेणबत्त्या लावतात. दोन्ही ठिकाणी सर्वांत कसदार दाद याच स्वस्त जागांवरून येते, असे जुने श्रोते सांगतात. पुण्याच्या बैठकीविषयी मी स्वतः साक्ष देतो.

मांडवामागचे हात

व्यासपीठावरच्या कलावंतांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापतात. मांडववाले, सतरंज्या अंथरणारे, दिव्यांचे आणि ध्वनिक्षेपकाचे कारागीर, मैदान झाडणारे, चहावाले यांची नावे कुठेच नसतात. ती छापा असे मी म्हणत नाही. पण त्यांतल्या एका कारागिराविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. तो म्हणजे तंबोरा करणारा.

किराणा घराण्याचा सगळा भार ज्या स्वरावर, तो स्वर तंबोऱ्यावर उभा असतो. आणि आपल्या भागातला नामवंत तंबोरा मिरजेत होतो. हत्यारे करणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा धरला. तलवारींचे दिवस सरले होते. हातात कसब होते, पोटाला काम हवे होते. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारा मोठा भोपळा आणून तो वाळवायचा, कापायचा, त्याला तूनच्या लाकडाची दांडी बसवायची. चार तारा घोडीवरून जातात. घोडीचा माथा कानसेने असा घासायचा, की तार त्याच्यावर अगदी निसटती टेकावी. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा. तार छेडली की एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. याला जवारी म्हणतात. जवारी काढणे हे कारागिराच्या कानाचे आणि मनगटाचे काम. ते मोजपट्टीने होत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद मिळाला हे चांगलेच झाले. पण इलेक्ट्रॉनिक तंबोरा खोक्यात आणि आता खिशातल्या फोनमध्ये आला आहे, आणि कारागिराचा मुलगा हा धंदा करील की नाही, हे कागदावर ठरत नाही. ते ठरते मिळणाऱ्या मोबदल्यावर. तलवारी गेल्या तेव्हा शिकलगारांनी तंबोरा धरला. तंबोरा गेला तर ते काय धरतील, याचा विचार श्रोत्यांनीच केला पाहिजे.

रागाचा तास आणि कामाचा तास

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : आत कोणाला येता येते?

आपल्या रागांना वेळ असते. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार, प्रत्येक तीन तासांचा. दुपार कलली की भीमपलास, मुलतानी, सूर्य मावळताना पूर्वी, मारवा, श्री, दिवेलागणीनंतर यमन, त्यापुढे बिहाग, मध्यरात्रीला दरबारी, मालकंस, पहाटे सोहनी, परज, ललित, उजाडताना भैरव, मग तोडी. ही केवळ कविकल्पना नव्हे, याला एक व्यवस्था आहे, आणि भातखंड्यांनी ती मांडून दाखवली. भैरव आणि पूर्वी हे दोन राग घ्या. दोहोंत ऋषभ आणि धैवत कोमल, गांधार आणि निषाद शुद्ध. फरक मुख्यतः मध्यमाचा. मध्यम शुद्ध ठेवला की सकाळचा भैरव. तो तीव्र केला की संध्याकाळची पूर्वी. एका स्वराने सकाळची संध्याकाळ होते! म्हणूनच मध्यमाला त्यांनी वाट दाखवणारा स्वर म्हटले आहे.

पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. तीन रात्री, शेवटची रात्र रविवारच्या सकाळी उजाडायची, आणि अखेरीस भीमसेन गायला बसायचे. १९९० च्या सुमारास मी ऐन विशीत, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कामाला होतो. दुसरी पाळी बाराच्या आसपास सुटायची. आमच्या खात्यातला एक वयस्क टर्नर मला म्हणाला, “चल रे, आता कुठे गाणं रंगात आलं असेल.” दोन सायकली, कडाक्याची थंडी, अंगावर कारखान्याचेच कपडे. मांडवात शिरलो तेव्हा दीड वाजत आला होता, आणि तरीही पुढे पाच-सहा तास गाणे होते! कोणता राग चालला आहे हे मला कळत नव्हते. मी त्या टर्नरला विचारले. तो म्हणाला, “नाव नंतर विचार, आधी ऐक.” पहाटे एक क्षण असा आला, की मांडवाच्या कनातीबाहेरचा अंधार विरळ होत होता आणि आत गाणाऱ्याचा सूरही तसाच विरळ होत होता. तो ललित होता, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. सकाळी चहा घेऊन घरी गेलो. माझ्या कानांचे शिक्षण सुरू झाले ते त्या रात्री. आणि ते रात्री होते म्हणूनच सुरू होऊ शकले.

मग कायदा आला. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा ही ‘रात्र’ ठरली. त्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून पंधरापर्यंत दिवस राज्य सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कसोशीने पाळण्याचा निकाल दिला. महोत्सवाच्या सबंध रात्री संपल्या. त्यांच्या जागी दिवस वाढले. अलीकडच्या वर्षांत उत्सव पाच दिवसांचा असतो. कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सुरू होऊन रात्री दहाला थांबतो, एका दिवशी मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळते, आणि अखेरच्या दिवशी दुपारी बाराला आरंभ होतो.

मी या कायद्याच्या विरोधात नाही, हे आधी स्पष्ट करतो. झोप हा माणसाचा हक्क आहे. पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जाणारा माणूस, दवाखान्यातला रोगी, तान्हे मूल यांच्या उशाशी कर्णा लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःचे, या मागणीवर आमची चळवळ उभी राहिली. विश्रांतीचे आठ तास मोडा असे मी कसे म्हणेन? पण हिशेब तर मांडला पाहिजे.

प्रहरांचा हिशेब असा. दुपारी तीन ते रात्री दहा म्हणजे दिवसाचा शेवटचा प्रहर, रात्रीचा पहिला, आणि दुसऱ्यातला एक तास. सवलतीच्या दिवशी दुसरा प्रहर पुरा होतो; अखेरच्या दिवशी दिवसाचा तिसरा मिळतो. उरले चार : रात्रीचे शेवटचे दोन आणि सकाळचे दोन. म्हणजे आठांपैकी चार प्रहरांना या मांडवात जागा नाही. दरबारी, मालकंस काही गायक नऊ-साडेनवाला गातात. पण ललित संध्याकाळी सातला कोण गाणार, आणि गायला तरी कनातीबाहेरचा अंधार विरळ कसा होणार?

माणसांचा हिशेब असा. पहिल्या पाळीचा कामगार साडेतीनला सुटला, चाकण-भोसरीहून बस धरून साडेपाचपर्यंत पोचला, तर त्याला साडेचार तास मिळतात. संध्याकाळी सहाला सुटणारा कारकून आठपर्यंत आला, तर दोन तास. नऊला दुकान वाढवणारा नोकर दारापर्यंत येईतो समारोप झालेला असतो. आणि दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या वाट्याला शून्य. पूर्वी रात्र सगळ्यांची होती. कोणी तसे ठरवले नव्हते, पण होती. आज जो दुपारी तीनला मोकळा आहे, त्याचाच उत्सव पुरा होतो. यात मंडळाचा दोष नाही, न्यायालयाचाही नाही. दोन योग्य गोष्टींच्या मधल्या फटीत एक माणूस पडला आहे, एवढेच.

ध्वनिमुद्रणे आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण एकट्याने कानात यंत्र घालून ऐकणे आणि अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकणे, यांत फरक आहे. मला तो टर्नर ध्वनिमुद्रिकेत भेटला नसता.

करता येण्याजोगे

तक्रार करून थांबणे हा आमच्या चळवळीचा धर्म नव्हे. मागणी मांडावी लागते. मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली. नियमातच बंदिस्त सभागृहाला सूट आहे. आतला आवाज आतच राहिला तर रात्री दहानंतरही गाणे होऊ शकते. वेरोनात ऊन उतरल्यावर, नऊच्या सुमारास, संगीतिका सुरू होते आणि पुष्कळदा मध्यरात्र उलटून संपते. ते शहर त्या रात्री गाण्यासाठी राखून ठेवते. आपल्याला मैदान राखता येत नसेल, तर एक सभागृह राखू. वर्षातून एकच रात्र, दहा ते सहा, मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्या रागांसाठी. हजारो बसणार नाहीत, काहीशे बसतील. दरबारी दरबारीच्या वेळी आणि ललित ललितच्या वेळी ऐकलेली काहीशे माणसे दर वर्षी तयार झाली, तर ती परंपरा मरणार नाही.

दुसरी आमच्या बाजूची. युनियनने सहलीला बस करावी, नाटकाचा खेळ घ्यावा, ही चाल जुनी आहे. तसेच भारतीय बैठकीची तिकिटे एकगठ्ठा घ्यावीत, आणि त्या आठवड्यात पाळी बदलून मिळावी एवढी मागणी व्यवस्थापनापुढे ठेवावी. पाळीची अदलाबदल हा काही क्रांतीचा विषय नव्हे. मुकादमाने मनावर घेतले की होते.

तिसरी तुम्हा श्रोत्यांसाठी. ज्याला पाचही दिवस मोकळीक नाही, त्याच्याबरोबर आपले तिकीट वाटून घ्या. माझे गाण्याचे शिक्षण एका टर्नरच्या पदरच्या पैशाने झाले आहे. त्याने माझे तिकीट काढले होते. परत देऊ लागलो तर घेतले नाही.

गंगूबाई २००९ साली गेल्या, दस्तूर त्याआधी २००८ साली. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन गेले, आणि त्यानंतर उत्सवाच्या नावात गुरूच्या जोडीला शिष्याचेही नाव आले. करोनाच्या साथीत मांडव पडला नाही. २०२२ च्या डिसेंबरात तो पुन्हा उभा राहिला. म्हणजे ज्यांनी पहिले वर्षश्राद्ध घातले, त्यांच्यामागेही ते चालू आहे. शिष्याचे ऋण आता श्रोत्यांच्या माथ्यावर आले आहे, आणि ते केवळ टाळ्यांनी फिटणारे नाही. दर वर्षी ज्याने अजून मांडव पाहिला नाही अशा एका तरी माणसाला, पाळीवरून सुटलेल्या, कपड्यांना तेलाचा वास असलेल्या, रागाचे नाव माहीत नसलेल्या माणसाला, आपल्या सतरंजीवर शेजारी बसवून घ्यावे. तो नाव विचारील. नाव नंतर सांगावे. आधी त्याला ऐकू द्यावे.